एक इसम दगावला

लग्नानंतर वर्षभरातच आम्ही पुणं सोडून चिंचवडला राहायला आलो. यांना पिंपरीच्या नव्या औषधांच्या कारखान्यात प्रयोगशाळेत नोकरी लागली होती. रोज पुण्याहून सायकलीनं ये-जा करण्यापेक्षा इकडेच जागा घ्यावी असं ठरलं आणि पवनेच्या अंगाला दोन खोल्या मिळाल्या. पुढे पडवी, मागे न्हाणी, पाणी विहिरीचं. चिंचवड तेव्हा गावच होतं. पिंपरीकडून कारखान्याचा भोंगा ऐकू आला की इकडे काही नवं चाललं आहे असं वाटायचं. एरवी गुरं, बाभळी आणि रेल्वेचे रूळ.

सासूबाई गेल्यावर मामंजी, म्हणजे माझे सासरे, आमच्याकडे राहायला आले. ते पुण्यात सरकारी कचेरीत तर्जुमाकार होते. मराठी कागदाचं इंग्रजी करायचं आणि इंग्रजीचं मराठी, हे काम त्यांनी सगळी हयात केलं. भाषांतर हा शब्द त्यांना आवडत नसे. ‘भाषांतर पुस्तकाचं होतं, कागदाचा तर्जुमा होतो,’ असं म्हणायचे. इंग्रज गेले त्या सुमाराला ते निवृत्त झाले. आमच्याकडे आले तेव्हा दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता आणि तो पिकल्याशिवाय कापता येणार नाही असं डॉक्टर म्हणत होते. माणूस उजेडाकडे पाठ करून उभा राहिला तर ओळखू येत नसे. वाचन तर पार बंद. त्यांच्यासारख्या माणसाला ती शिक्षाच होती.

मी तेव्हा बाहेरून बी.ए.ला बसले होते, इंग्रजी घेऊन. दुपारची कामं आटोपली की पडवीत बसून मी मोठ्यानं वाचायची आणि ते ऐकायचे. माझे उच्चार ते सुधारायचे, अडलेला अर्थ सांगायचे. त्यांनाही वाचायला मिळत होतं आणि माझाही अभ्यास होत होता. यांची पाळी दुपारची असली की घरात आम्ही दोघंच. लग्न होऊन आलेल्या मुलीला सासऱ्याशी इतकं बोलायला मिळावं हे त्या काळात नवलच होतं. मी त्या दुपारांवर खूश होते.

लग्नाआधीच्या माझ्या कॉलेजातल्या एक बाई मला अधूनमधून पुस्तकं देत. पुण्याला गेले की त्यांच्या घरी जाऊन जुनं परत करायचं आणि नवं आणायचं. एकदा त्यांनी एका इंग्रज लेखकाचे निबंध दिले. म्हणाल्या, ‘परीक्षेत यातला एखादा येईल. पण परीक्षेसाठी वाचू नकोस.’ हा लेखक तरुणपणी साम्राज्याच्या नोकरीत पूर्वेकडे काही वर्षं राहिलेला, मग नोकरीवर लाथ मारून परत गेलेला, आणि पुढे आपल्याच देशाच्या राज्याविरुद्ध लिहीत राहिलेला.

मामंजींना तो पहिल्या दिवसापासून आवडला. त्यांच्या कानाला जड इंग्रजीची सवय. हा माणूस मात्र छोटी वाक्यं लिहायचा, घरात बोलावं तशी. ‘असं साहेबानं लिहिलेलं मी कधी पाहिलं नाही,’ ते म्हणाले. ‘आमच्या कचेरीत हे कुणी लिहिलं असतं तर परत पाठवलं असतं. पोरकट म्हणून.’ एका निबंधात त्यानं परक्या मुलखात राज्याचा नोकर म्हणून मनाविरुद्ध वागावं लागल्याचं सांगितलं होतं. ते ऐकून मामंजी बराच वेळ हसत होते. मग म्हणाले, ‘साहेबालाही लाज वाटते म्हणायची.’

मग तो निबंध आला. राजकारणाच्या भाषेवरचा. त्याचं म्हणणं मी माझ्या शब्दांत सांगते. राज्य करणाऱ्यांना काही गोष्टी करायच्या असतात, पण डोळ्यांसमोर येऊ द्यायच्या नसतात. माणसं मेलेली असतात, घरं गेलेली असतात. ते साध्या शब्दांत सांगितलं तर ऐकणाऱ्याला चित्र दिसेल आणि तो विचारील, हे का केलं. म्हणून ते जड, धुतलेल्या शब्दांत सांगायचं. मग त्या शब्दांची सवय होते आणि लिहिणाऱ्यालाही चित्र दिसेनासं होतं.

मी वाचत होते आणि उच्चार चुकला तरी ते काही सांगत नव्हते. एका परिच्छेदाशी त्यांनी हात वर केला.

‘हे पुन्हा वाच.’

मी वाचलं.

‘आणखी एकदा. सावकाश.’

तिसऱ्यांदा वाचून झाल्यावर ते उठले, भिंतीला हात लावत आत गेले आणि पडून राहिले. चहा नेला तर नको म्हणाले. मला वाटलं, ऊन लागलं असेल.

पुढचे काही दिवस त्यांनी पुस्तक वाचायला लावलं नाही. वर्तमानपत्र वाच म्हणाले. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस होते आणि मुंबईत गोळीबार होऊन माणसं मेल्याच्या बातम्या येत होत्या. मी वाचलं की पोलिसांना गोळीबार करावा लागला.

‘लागला म्हणजे? कोणी लावला करायला?’ ते म्हणाले.

मला प्रश्नच कळला नाही.

‘पुढं वाच. किती माणसं मेली?’

मी वाचलं की काही जण मृत्युमुखी पडले.

‘पडले,’ ते म्हणाले. ‘आपले आपण पडले. राज्य बदललं, सूनबाई. वाक्य तेच आहे.’

त्यानंतर वर्तमानपत्र वाचणं म्हणजे एक छळ झाला. प्रत्येक वाक्यावर त्यांचा एकच सवाल असायचा, कोणी केलं? पिंपरीच्या बराकींत सिंधी निर्वासित राहात, त्यांच्याविषयी काही छापून आलं की ते म्हणायचे, ‘विस्थापित झाले म्हणे. कोणी केलं?’ मी कंटाळले. एकदा जरा तोडूनच म्हणाले, ‘मामंजी, मला परीक्षेचं वाचायचंय. तुम्हाला त्या निबंधात काय सलतंय ते तरी सांगा.’

त्यांनी सांगितलं. तेव्हा त्यांचं तोंड माझ्याकडे नव्हतं, नदीकडे होतं.

बेचाळीसचे दिवस होते. देहूच्या पलीकडल्या एका गावाजवळ कुणी तारा तोडल्या, म्हणून पोलीस गेले. ओढ्यापाशी लोक जमले होते. पोलिसांनी गोळी घातली आणि एक माणूस मेला. गावच्या पोलीस पाटलानं मोडीत रिपोर्ट लिहून पाठवला आणि तो तर्जुम्यासाठी मामंजींकडे आला. पाटलानं सरळ लिहिलं होतं की पोलिसांनी गोळी घातली, अमुक कुणबी आपला बैल हुडकीत ओढ्याकडे आला होता, त्यास लागून तो मेला.

‘साहेबाला कागद संध्याकाळच्या टपालानं वर धाडायचा होता,’ मामंजी म्हणाले. ‘जाता जाता मला म्हणाला, जरा वाचण्याजोगं कर. तेवढंच. खोटं लिही असं तो म्हणाला नाही. मी लिहिलं, बेकायदा जमाव पांगवताना किमान बळाचा वापर करण्यात आला, जमावापैकी एक इसम दगावला. त्याचं नाव तेवढं खाली टीपेत.’

‘आणि बैल?’

‘बैल बसेना त्या वाक्यात. मला वाटलं, चांगलं इंग्रजी असंच असतं. साहेब खूश झाला. मीही खूश झालो. घरी येऊन तुझ्या सासूला ते वाक्य म्हणून दाखवलं होतं.’

पुढे काय झालं तेही त्यांना कचेरीतच कळलं होतं. मेलेला जमावातला, म्हणून त्याच्या घराची झडती झाली आणि धाकट्या भावाला धरून नेलं. तो काही महिने तुरुंगात होता. ते कागदही मामंजींच्याच टेबलावरून गेले. त्या वेळी त्यांना काहीच वाटलं नव्हतं, असं ते म्हणाले. आणि तेच त्यांना आता सहन होत नव्हतं.

मी त्यांना समजवायला गेले. तुम्ही नोकर होता, तुम्ही लिहिलं नसतं तर दुसऱ्यानं लिहिलं असतं. ते म्हणाले, ‘हा लेखक साहेब असून स्वतःवर घेतो. मी नोकर म्हणून सुटू?’ त्या पुस्तकात साहेब होते, शिपाई होते, ज्यांच्यावर राज्य केलं ते लोक होते. पाटलाचं मराठी घेऊन साहेबाचं इंग्रजी करणारा मधला माणूस मात्र त्यात कुठेच नव्हता. लेखकाला तो दिसला नसावा. आणि मी नेमकं तेच पुस्तक घरात आणून, मोठ्यानं, तीन-तीनदा त्यांना वाचून दाखवलं होतं. त्यात माझी काही चूक नव्हती हे मला कळत होतं. तरी त्यांचं कमी झालेलं जेवण मला पाहवत नव्हतं.

एक दिवस ते म्हणाले, ‘मला त्या गावाला ने.’

यांना ते पटलं नाही. ‘इतक्या वर्षांनी जाऊन त्या लोकांची खपली काढायची? त्यांनी विचारलंय का?’ मामंजी म्हणाले, ‘त्यांना विचारायचं कोणाला हे माहीत नाही.’ यावर हे कारखान्यात निघून गेले.

पावसाळा सरून शेतं हिरवी होती तेव्हा आम्ही गेलो. चिंचवडहून गाडीनं देहूरोड, तिथून टांग्यानं देहू, मग होडीतून इंद्रायणी ओलांडून चालत. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला होता. कोट घालून आले होते, कचेरीत घालायचे तो. मी नको म्हटलं होतं.

त्या कोटानं घोटाळा केला. गावात शिरताच लोकांनी आम्हाला थेट एका घरापाशी नेलं. ओसरीवर घोंगडं अंथरलं, गूळपाणी आलं आणि एक चाळिशीचा, टोपी घातलेला माणूस हात जोडून समोर बसला. तो त्या मेलेल्या माणसाचा धाकटा भाऊ. आता तो पंचायतीत होता.

‘आमी म्हटलं, पुण्याहून आणखी म्हैनाभर तरी कुणी येत न्हाई,’ तो म्हणाला. ‘बरं झालं साहेब, तुमी लवकर आला.’

हळूहळू उलगडलं. गावाला शाळा मंजूर झाली होती. शाळेला त्याच्या भावाचं नाव देणार होते. दाराशी दगड बसवायचा आणि मंत्र्यांच्या हातून उद्घाटन करायचं. दगडावर काय कोरायचं ते लिहून द्यायला कुणी शिकला-सवरला माणूस पाठवा, असा त्यांनी पुण्याला निरोप धाडला होता. आम्ही तेच असं त्याला वाटलं.

‘भाऊ हुतात्मा झाला आमचा,’ तो सांगू लागला. ‘झेंडा हातात घेऊन म्होरं हुता. शिपाई म्हणला मागं हो. भाऊ न्हाई म्हणला. छातीवर गोळी घेतली.’

आजूबाजूच्यांनी माना हलवल्या. मामंजी ऐकत होते. त्यांना बोलायचं होतं, पण आपलं बोलणं मध्ये कुठे घालावं ते त्यांना सापडत नव्हतं.

बाईमाणूस म्हणून मला आत बोलावलं. मागच्या अंगणात मेलेल्याची बायको म्हशीला वैरण घालत होती. मी वैरणीच्या भाऱ्याशेजारी बसले. ती फार म्हातारी नव्हती. कपाळ मोकळं, हात कामानं राठ झालेले. मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, ‘तुमच्या मालकांचं फार ऐकलं बाहेर. झेंडा घेऊन पुढे होते म्हणे.’

‘झेंडा कुठला,’ ती म्हणाली. ‘हातात दावं हुतं. बैल सुटला हुता आमचा, बांड्या. दावं घेऊन गेलं त्येला आणाया.’

‘मग बाहेर तसं का म्हणतात?’

‘म्हणत्यात. म्या दावं म्हणलं की म्हणत्यात, बाईला दुखाच्या पायी आठवत न्हाई.’ तिनं वैरण झटकली. ‘मला मंत्र्याफुडं हुभी करणार हाईत. हार घालणार हाईत. न्हाई म्हणून कसं चालंल? शाळा व्हनार हाय गावाला.’

दारात सावली आली. मामंजी चौकटीला धरून उभे होते. त्यांनी ऐकलं होतं. तिनं पदर सावरला.

‘बाई,’ मामंजींनी विचारलं, ‘बैल सापडला का मग?’

ती त्यांच्याकडे बघतच राहिली. आधी कुणी हे विचारलं नसावं.

‘आला,’ ती म्हणाली. ‘माती झाली त्येंची, त्येच्या दुसऱ्या दिशी. आपसूक दारात येऊन हुभा राह्यला.’

मामंजी वळले आणि परत ओसरीवर गेले. मीही मागोमाग गेले. तिथे त्यांनी भावाला बाकीच्यांना जरा बाजूला पाठवायला सांगितलं आणि सगळं सांगितलं. आपण कोण, कुठे होतो, पाटलानं काय लिहिलं होतं, आपण त्याचं काय केलं. ‘तुमचा भाऊ जमावातला नव्हता. तो जमावातला झाला माझ्या कागदात. तुम्हाला धरून नेलं तेही त्यापायीच. मी ते सांगायला आलोय. तुम्हाला काय बोलायचं ते बोला.’

भाऊ जमिनीकडे बघत होता. तो आता ओरडेल, नाहीतर आम्हाला हाकलून देईल, असं मला वाटलं. मामंजीही त्याचीच वाट बघत होते. कदाचित त्यासाठीच ते आले होते.

‘साहेब,’ तो शेवटी म्हणाला, ‘मागल्या साली सरकारचा माणूस आला हुता. बेचाळीसला कोण कोण मेलं त्येंची नावं हुडकीत. त्यो म्हणला, तुमच्या भावाचं नाव इंग्रज सरकारच्या कागदातच हाय, जमावातला म्हणून. दुसरा पुरावा कशाला पायजे? तवा कुठं शाळंचं नाव ठरलं.’ त्यानं मान वर केली. ‘तुमीच लिवलं व्हय ते?’

‘मीच.’

‘मग तुमचे उपकार हाईत आमच्यावर.’

‘तो जमावात नव्हता,’ मामंजी पुन्हा म्हणाले.

‘न्हवता. मला ठावं न्हाई व्हय? म्या त्येच्या संगट जेवलो हुतो त्या दिशी.’

‘तुम्ही तुरुंगात गेलात.’

‘गेलो. म्हणून तर पंचायतीत हाय.’ हे तो कडवटपणानं बोलला नाही. जे आहे ते सांगितलं. मग खालच्या आवाजात म्हणाला, ‘तुमी पाटलाचं जसंच्या तसं लिवलं असतं तर काय झालं असतं? बैल हुडकताना एक कुणबी मेला. अशी किती मेली असतील. कुणाच्या ध्यानात हाईत?’

आणि तो पाया पडला. मामंजींनी पाय मागे घेतले, पण तोवर त्याचा हात लागला होता. मी त्यांचा चेहरा पाहिला. शिव्या ऐकायची तयारी करून आलेल्या माणसाला असा वाकून केलेला नमस्कार घ्यावा लागणं काय असतं ते मला त्या दिवशी दिसलं.

निघताना भाऊ म्हणाला, ‘आता आलाच हाय तर दगडावरचं तुमीच लिवून द्या. तुमचा हात चांगला हाय.’ मामंजींनी होय म्हटलं. मला वाटलं, नाही म्हणतील.

घरी आल्यावर त्यांनी मला कागद घेऊन बसवलं. फार विचार केला नाही, सगळं ठरवूनच ठेवलेलं होतं. ते सांगत गेले, मी लिहीत गेले. या गावचा शेतकरी. हातात दावं घेऊन आपला बैल शोधायला गेला असता पोलिसांनी घातलेल्या गोळीनं मेला. त्याच्या आठवणीसाठी ही शाळा. एवढंच. त्यांनी ते मला परत परत वाचायला लावलं आणि कितीतरी दिवसांनी पोटभर जेवले. मलाही हलकं वाटलं. यांना मी कौतुकानं वाचून दाखवलं. हे म्हणाले, ‘चांगलं आहे. पण ते घेणार नाहीत.’

पुढच्या आठवड्यात भाऊ चिंचवडला आला. पडवीत बसून त्यानं कागद वाचला. बोट ठेवून, शब्द जुळवत वाचत होता. वाचून झाल्यावर घडी घातली आणि समोर ठेवली.

‘हे शाळेवर कसं लावायचं, राव?’

‘का? खरं आहे ते.’

‘खरं हाय. पण मंत्री काय बैलाच्या दाव्याला हार घालाया येणार हाईत? आन पोलिसांनी घातलेली गोळी म्हणता. त्या दिवशी बंदोबस्ताला पोलीसच असणार. त्यातला एक शिपाई तवाचाच हाय, आता जमादार झालाय. त्येच्या म्होरं हे वाचायचं?’

‘वाचावं,’ मामंजी म्हणाले.

‘तुमी वाचाल. तुमी चिंचवडात ऱ्हाता. साहेब, आमची पोरं नदी उतरून दुसऱ्या गावात शिकाया जात्यात. पावसाळ्यात चार म्हैनं बंद. शाळा हुतात्म्याच्या नावानं मंजूर झाली. बैल हुडकणाऱ्याच्या नावानं देतंय का सरकार?’

‘वहिनींना विचारलंत?’

‘ती म्हणती, काय बी लिवा.’

मी मामंजींकडे बघत होते आणि मनात म्हणत होते की नाही म्हणा. पण नाही म्हणून पुढे काय, हे मलाही सुचत नव्हतं. नदी उतरणारी पोरं माझ्या डोळ्यांसमोर होती.

‘लिही,’ ते मला म्हणाले.

आणि त्यांनी सांगितलं. स्वातंत्र्याच्या लढ्यात ज्याने देह ठेवला त्या वीर हुतात्म्याच्या पुण्यस्मृतीस. सहज सांगितलं, अडखळले नाहीत. असली वाक्यं त्यांना पाठच होती. कोणी मारलं ते त्यात नव्हतं, कशाला गेला होता तेही नव्हतं. देह त्यानं आपणहून ठेवला होता. मी माझ्या सुरेख अक्षरात ते लिहिलं. अक्षर बघून भाऊ खूश झाला आणि म्हणाला, ‘गवंड्याला असंच्या असं कोराया सांगतो.’ जाताना त्यानं आणलेले भुईमुगाचे वेल पडवीत ठेवले.

तो गेल्यावर मामंजी म्हणाले, ‘पहिल्या वेळी मला कळत नव्हतं. आता कळून लिहिलं.’

‘शाळा होईल, मामंजी.’

‘होईल. तीही कोणीतरी बांधली असं कोणी लिहिणार नाही. बांधण्यात आली म्हणतील.’

उद्घाटनाला ते गेले नाहीत. आम्ही दोघंही गेलो नाही. परीक्षेत त्या निबंधावर प्रश्न आला होता आणि तो मला सगळ्यांत चांगला आला असता. मी तो सोडून दिला आणि दुसऱ्या लेखकावरचा प्रश्न कसाबसा लिहिला. पास झाले. पुस्तक बाईंना परत केलं तेव्हा त्यांनी विचारलं, कसं वाटलं? मी म्हटलं, चांगलं आहे. एवढंच म्हणाले. पुढे मी स्वतः शाळेत इंग्रजी शिकवलं, पण तो लेखक मुलींना कधी वाचून दाखवला नाही. त्याचं म्हणणं खरं आहे असं मला आजही वाटतं. फक्त त्याला जे सोपं दिसलं ते मला पुन्हा कधी सोपं दिसलं नाही.

मामंजींचं डोळ्याचं ऑपरेशन झालं. जाड भिंगांचा चष्मा आला आणि ते पुन्हा आपले आपण वाचू लागले.

त्या मेलेल्या माणसाच्या बायकोचं येणं मात्र सुरू झालं. चिंचवडला बाजाराला आली की आमच्याकडे टेकायची. तूप, कधी पावटे, कधी नाचणीचं पीठ घेऊन यायची आणि पैसे घ्यायची नाही. मामंजी पडवीत तिच्याशी बोलत बसायचे. म्हैस किती दूध देते, ओढ्याला पाणी आहे का, असलंच बोलणं. आपण काय लिहिलं होतं ते त्यांनी तिच्या दिराला सांगितलं, पण तिला कधी सांगितलं नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाले, ‘दिरानं पाय धरले. हिनंही धरले तर?’

दिरानंही तिला सांगितलं नव्हतं. तिच्या दृष्टीनं मामंजी म्हणजे बैलाची चौकशी करणारा एक भला म्हातारा. मी चहा करून द्यायची. तिला सांगावं की नाही याचा निवाडा माझ्याकडे नाही असं स्वतःला बजावायची आणि आत निघून जायची.

एकदा ती निघाली तेव्हा मी तिला वेशीपर्यंत सोडायला गेले. पाटी डोक्यावर होती. चालता चालता ती म्हणाली, ‘तुझा सासरा मला बघून का रडतो गं? बोलतो हसून आन डोळं पुसत ऱ्हातो.’

मला सांगता आलं असतं. रस्त्यावर दुसरं कुणी नव्हतं.

‘वय झालं की होतं तसं,’ मी म्हटलं.

तिनं माझ्याकडे वळून पाहिलं. पाटीमुळे मान पुरती वळत नव्हती, तरी पाहिलं. मग ‘व्हय, व्हत असंल,’ म्हणाली आणि स्टेशनाच्या रस्त्याला लागली. गाडीची वेळ झाली होती.